‘लाइफटाइम’ नावाची थाप

“ह्या गाडीचं गिअरबॉक्स ऑइल बदलावं लागतच नाही सर. लाइफटाइम फिल आहे.”

सर्व्हिस सेंटरच्या एसीत बसून माझ्याच वयाच्या एका पोरानं हे वाक्य माझ्याकडे सरकवलं आणि मी ते मुकाट्यानं खिशात घातलं. मी इंजिनिअर. सांगलीत चार वर्षं शिकलो, पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. एखाद्या ज्युनिअरनं मीटिंगमध्ये ‘हे कधीच फेल होणार नाही’ म्हटलं तर मी त्याची अर्धा तास उलटतपासणी घेतो. इथं मात्र एक साधा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही : कुणाच्या लाइफटाइम? तेलाच्या, गिअरबॉक्सच्या, गाडीच्या, वॉरंटीच्या, की माझ्या वडिलांच्या?

तेव्हा गाडी ९२ हजार किलोमीटर चालली होती. पुढे आठ महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका शनिवारी, पसरणी घाटाच्या मधोमध त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आधी गाडीबद्दल सांगतो. अप्पा शिक्षक होते. रिटायर झाल्यावर डाव्या गुडघ्याचं मिरजेत ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं संपलं. चाळीस वर्षं एसटीच्या वेळापत्रकावर जगलेल्या या माणसाला आईला घेऊन कुठंही, कधीही थांबत फिरायचं होतं. म्हणून आम्ही एक सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप घेतली, मागं कॅम्पर बसवलेली. दोन बंक, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि छतावर सोलर. कॅरॅव्हॅन म्हणून रीतसर पासिंग झालेली. सामान आणि माणसं धरून वजन तीन टनांच्या घरात. गाडीच्या कंपनीचं नाव इथं देत नाही, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाही. तुमच्या घरासमोर उभ्या असलेल्या ऑटोमॅटिकचं मॅन्युअल उघडून बघा, हाच शब्द किंवा याच शब्दाचा भाऊ तिथं सापडण्याची शक्यता बरीच आहे.

तर पसरणी घाट. सांगलीहून इस्लामपूर, पेठनाका, कऱ्हाड, सातारा करत आम्ही वाईला चहा घेतला आणि पाचगणीकडे निघालो. सुट्टीची गर्दी. दहा फूट पुढं, थांबा. वीस फूट पुढं, थांबा. अप्पा चालवत होते. निम्म्या घाटात गाडी आरडाओरडा करायला लागली. इंजिनाचे आरपीएम वर जायचे, वेग मात्र तिथंच. मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. करपलेल्या वासावरून आईला वाटलं शेगडी चालू राहिली. आम्ही कडेला घेतलं, हँडब्रेक ओढला आणि चाकामागं दगड लावले. मागून हॉर्न वाजत होते. अप्पा काही बोलले नाहीत. तासाभरानं गाडी वळवून खालच्या गिअरमध्ये वाईत उतरवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “विकून टाकू.”

सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला आणि सांगितलं, गिअरबॉक्स असेंब्ली बदला, साधारण साडेचार लाख. मी विचारलं, तेल? उत्तर आलं, तेलाचा विषय नाही सर, ते लाइफटाइम असतं.

म्हणजे गिअरबॉक्स मेला तरी तेल अमर!

आता हे तेल करतं काय ते बघा, म्हणजे ‘लाइफटाइम’ हा शब्द किती धाडसाचा आहे ते कळेल. मॅन्युअल गाडीत गिअरचं तेल मुख्यतः वंगण असतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये त्याच तेलाला चार नोकऱ्या कराव्या लागतात. एक, इंजिनाची ताकद चाकाकडे न्यायची. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पंखे समोरासमोर असतात. एक पंखा तेल भिरकावतो आणि त्या तेलानं दुसरा फिरतो. दोन, गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हना आणि क्लचना दाब पुरवायचा. तीन, वंगण आणि थंडावा द्यायचा. चार, आणि हे सगळ्यात नाजूक काम, क्लचच्या प्लेटांना नेमकं हवं तेवढंच घसरू द्यायचं आणि मग नेमकं धरू द्यायचं. या चौथ्या कामासाठी तेलात जी रसायनं घातलेली असतात ती उष्णतेनं झिजतात. इंजिनिअरिंगमधला ढोबळ ठोकताळा असा की दर दहाएक अंशांना तेलाच्या ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो.

आणि उष्णता किती? हा हिशेब मी त्या रात्री वाईतल्या लॉजवर टिश्यू पेपरवर मांडला. वाई ते पाचगणी चढण साधारण साडेपाचशे मीटर. तीन टन वजन तेवढं वर न्यायला सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा लागते. समजा यातला फक्त दहावा हिस्सा कन्व्हर्टरमधल्या घसरणीत तेलात उतरला. गर्दीत रांगताना हा वाटा त्याहून बराच जास्त असतो, कारण वेग कमी असला की कन्व्हर्टरचा लॉक लागतच नाही. तरी दहावाच धरू, म्हणजे १.६ मेगाज्यूल. गिअरबॉक्समध्ये दहा लिटर तेल आहे असं मानलं आणि त्याला थंड करायला काहीच नसेल, तर एवढ्या उष्णतेनं ते नव्वद-पंच्याण्णव अंशांनी आणखी तापेल. एका घाटात! ही सगळी उष्णता कूलरनं बाहेर फेकायची, तीही गाडी जवळजवळ उभी असताना, मे महिन्यात.

सपाट रस्त्यावरून ऑफिसला जाणाऱ्या मोटारीचं तेल आणि घर पाठीवर घेऊन खंबाटकी, पसरणी, केळघर चढणाऱ्या गाडीचं तेल यांचं आयुष्य एकच कसं असेल? हे कंपन्यांनाही माहीत आहे. कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर एक वेगळा तक्ता असतो, खडतर वापरासाठीचा : डोंगर, धूळ, जड ओझं, ट्रेलर, सतत थांबत-चालत जाणं. ही यादी वाचली की सातारा-सांगली जिल्ह्यांचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं. पहिल्या पानावर लाइफटाइम आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात खडतर वापर. सर्व्हिस सेंटरचं पोरगं पहिलं पान वाचतं, घाट मागचं वाचतो.

दुसरा पुरावा त्याहून सरळ आहे. झेडएफ ही जर्मन कंपनी जगातल्या कितीतरी नावाजलेल्या मोटारींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्या मोटारींच्या मॅन्युअलांत अनेकदा लाइफटाइम लिहिलेलं असतं. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः म्हणते की वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. बनवणारा सांगतो बदला, विकणारा सांगतो गरज नाही. मग विकणाऱ्याचं आयुष्य कुठपर्यंत असतं? माझ्या मते वॉरंटी संपेपर्यंत. पहिल्या गिऱ्हाइकाला ‘कमी मेन्टेनन्स’ विकायचा आणि पुढचा गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्या मालकानं घ्यायचा. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या आता सेकंडहँड बाजारात उतरू लागल्या आहेत आणि त्या पुण्या-मुंबईहून आपल्याच गावांत येणार आहेत. तो तिसरा मालक म्हणजे आपण.

माझ्या एका मित्रानं मिरज रोडवरच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. तिथले मेस्त्री एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी गाडी आत घ्यायच्या आधी मला विचारलं, “तेल कधी बदललंय?” मी लाइफटाइमची कॅसेट वाजवली. ते हसले नाहीत. म्हणाले, “एसटीत आमी किलोमीटर बघून तेल बदलायचो. आयुष्य बघून न्हवं.”

मग त्यांनी जे केलं ते मी खड्ड्यात उतरून बघितलं. वरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मला काचेपलीकडे बसवलं होतं, इथं टॉर्च माझ्याच हातात दिला.

पहिली गोष्ट : तेल सोडायचा बोल्ट त्यांनी आधी खोलला नाही, भरायचा बोल्ट खोलला. कारण भरायचा बोल्टच जाम निघाला तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी खड्ड्यात अडकून बसते. दोन ओळींचं हे शहाणपण माझ्या चार वर्षांच्या डिग्रीत नव्हतं. दुसरी गोष्ट : निघालेलं तेल मापाच्या भांड्यात धरलं. काळपट चॉकलेटी, करपट वास. तिसरी : खालचा पॅन उतरवून त्यातले चुंबक बोटानं पुसले. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लगदा होता. तो बोटांत चोळून मेस्त्री म्हणाले, “गुरुजी, वाचली बगा. कणी आसती तर मीच हात लावला नसता.” बारीक लगदा ही रोजची झीज असते. टोचणारी कणी किंवा पत्र्याचे तुकडे निघाले तर आत काहीतरी तुटलेलं असतं आणि तिथं नवं तेल म्हणजे मेलेल्याला आंघोळ. आणि तेल महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी निघालं तर समजायचं की कूलरमधून रेडिएटरचं पाणी आत शिरलंय.

अप्पा स्टुलावर बसून वहीत लिहीत होते.

चार लिटर निघालं. दहातलं चार. बाकीचं कन्व्हर्टरच्या पोटात राहतं, बोल्ट खोलून ते येत नाही. म्हणून एकदा बदलल्यावर नवं तेल होतं ४० टक्के, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८. आम्ही हजार-हजार किलोमीटरच्या अंतरानं तीनदा बदललं. मशीन लावून सगळं एकदम फिरवता येतं, पण इतकी वर्षं न शिवलेल्या गिअरबॉक्सवर मेस्त्रींना ती घाई नको होती.

आणि मग पातळी. या गाडीला डिपस्टिक नाही. कंपनीनं ती काढून टाकली आहे. म्हणजे मालकानं बघायचंच नाही अशी सोय. पातळी मोजायची तर गाडी अगदी समतल उभी हवी, इंजिन चालू हवं आणि तेलाचं तापमान चाळिशीच्या आसपासच्या एका ठरावीक पट्ट्यात हवं, तेव्हा ओव्हरफ्लोच्या भोकातून जास्तीचं तेल वाहून जाऊ द्यायचं. तेल जास्त गरम असेल तर ते फुगलेलं असतं, नको तेवढं वाहून जातं आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो. थंड असेल तर उलट, पोट फुगतं. हे तापमान दाखवणारा स्कॅनर मेस्त्रींकडे आहे. पण आमच्या गाडीचा पट्टा कोणता हा आकडा मालकाच्या मॅन्युअलमध्ये नाही. तो वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो आणि ते आम्हाला कुणी देत नाही. मेस्त्रींनी तो आकडा तीन फोन करून मिळवला.

तीन फोन! आमच्याच गाडीचा आकडा.

इथं आपल्याही बाजूला चार शब्द ऐकवले पाहिजेत, नाहीतर ही नुसती रड होईल. ‘कुठलंही लाल तेल चालतं’ ही आपल्या गॅरेजांमधली थापही ‘लाइफटाइम’ची सख्खी बहीण आहे. लाल हा फक्त रंग आहे, तो ओळखीसाठी घालतात. जनरल मोटर्सनं १९४९ मध्ये ‘टाइप ए’ नावाचं मानक आणलं, साठच्या दशकात ‘डेक्सरॉन’ आलं आणि तेव्हापासून मानकं बदलतच आली. जुन्या तेलांत घर्षण सांभाळायला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. डेक्सरॉन-३ शंभर अंशांना सुमारे साडेसात सेंटिस्टोक जाड असायचं, २००५ च्या सुमाराचं डेक्सरॉन-६ सहाच्या आसपास आणि टोयोटाचं डब्ल्यूएस साडेपाचच्या आसपास. पातळ तेलासाठी बनवलेल्या गिअरबॉक्समध्ये जाड तेल ओतलं की व्हॉल्व्हचं गणित चुकतं. क्लचची पकड तर रंगावरून कळतच नाही. सीव्हीटीचं तेल पुन्हा वेगळं, कारण तिथं स्टीलचा पट्टा पुलीवर घसरू द्यायचा नसतो. म्हणून तेल निवडायचा नियम एकच : मॅन्युअलमध्ये किंवा गिअरबॉक्सवर लिहिलेलं मानक आणि कॅनवर लिहिलेलं मानक अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. कॅन कुठल्या कंपनीचा हा नंतरचा प्रश्न. ‘सगळ्यांना चालतं’ असं छापलेल्या कॅनवर माझा तेवढाच विश्वास आहे जेवढा ‘लाइफटाइम’वर.

कंपन्यांची बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. आजची सिंथेटिक तेलं खरंच जुन्यांपेक्षा कितीतरी टिकाऊ आहेत. डिपस्टिक नसली की धूळ आत जात नाही आणि उत्साही मालक चुकीचं तेल ओतत नाही. सीलबंद गिअरबॉक्समुळे शेकडो मूर्खपणे टळले असतील, हे मला मान्य आहे. पण चुकीच्या हातांवर दोन उपाय असतात. एक, हातांना माहिती द्यायची. दोन, हातच कापायचे. कंपन्यांनी दुसरा निवडला आणि त्याला सोय असं नाव दिलं.

ही तक्रार नवी नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मुद्दा हाच होता : सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत. त्यावर अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चार विभाग त्यात आहेत. दुसरीकडे राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे घर घेऊन घाट चढा असं सरकार म्हणतंय, दुरुस्तीचा हक्क आहे असंही सरकार म्हणतंय, आणि मिरज रोडवरचा एक म्हातारा मेस्त्री एका तापमानासाठी तीन फोन करतोय.

मला सगळ्यात जास्त राग मात्र माझ्याच जातभाईंचा आहे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचा. ही झाकण वेल्ड करायची सवय आमचीच. फोनची बॅटरी निघत नाही, ट्रॅक्टरचा एरर कोड डीलरशिवाय पुसत नाही, वॉशिंग मशीन ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’ म्हणून गप्प बसतं. ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ हा मेसेज मी स्वतः शेकडो वेळा लिहिलाय. काय चुकलं हे मला ठाऊक असायचं. वापरणाऱ्याला सांगितलं असतं तर सपोर्टला प्रश्न वाढले असते, म्हणून सांगितलं नाही. पसरणी घाटात चाकाला दगड लावताना डॅशबोर्डवरचा तो मुका दिवा बघितला आणि मला माझाच कोड वाचल्यासारखं झालं.

मागणी फार मोठी नाही. कुणी गिअरबॉक्सचं डिझाइन मागत नाही. तीन ओळींचं एक स्टिकर बॉनेटखाली लावा : तेलाचं मानक, किती लिटर, कोणत्या तापमानाला पातळी बघायची. ‘लाइफटाइम’ लिहायचंच असेल तर पुढं किलोमीटर लिहा. आणि ते तेल काउंटरवर कुणालाही विकत मिळू द्या.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. ऑटोमॅटिक असेल तर आज रात्री मॅन्युअलमधलं ते मागचं पान शोधा. सेकंडहँड घेताना इंजिन ऑइलची पावती मागता तशी गिअरबॉक्सचीही मागा. घाटात गर्दी असेल तर डी वर सोडून देऊ नका, खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि दिवा लागायची वाट न बघता थांबा. गाडीवर घर लादलं असेल तर जादा कूलरबद्दल विचारा. गिअर घसरायला लागल्यावर तेल बदलणं म्हणजे परीक्षा झाल्यावर पुस्तक उघडणं. आमचं वाचलं ते नशिबानं. आणि निघालेलं तेल गटारात सोडू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे, तो अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. महाबळेश्वरात उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करत जाणारी कृष्णा आपलं बरंच काही पोटात घेते, एवढं तरी तिला वगळा.

आमची गाडी चालतेय. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना एक हलका झटका अजून बसतो. तो गेला नाही, जाणारही नाही असं मेस्त्री म्हणतात. आठ महिने मी जो प्रश्न विचारला नाही त्याचा तो दंड. तिन्ही वेळचं तेल, फिल्टर, पॅकिंग आणि मजुरी धरून बिल झालं तेवीस हजार. साडेचार लाखांच्या जागी.

गेल्या महिन्यात अप्पा आणि आई कास पठाराला जाऊन आले, मी नव्हतो. बॉनेट उघडलं की आत पांढऱ्या ऑइलपेंटनं, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात चार ओळी दिसतात : तेलाचं मानक, लिटर, तापमान आणि पुढच्या बदलाचे किलोमीटर. कंपनीनं जे छापलं नाही ते एका रिटायर मास्तरांनी लिहून ठेवलंय. उद्या ही गाडी कुणी विकत घेईल, त्याला तीन फोन करावे लागणार नाहीत.